पॉल विल्यम्स यांचा वास्तुवारसा

पॉल रेव्हिअर विल्यम्स (१८ फेब्रुवारी १८९४ – २३ जानेवारी १९८०) या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने प्रामुख्याने लॉस अँजेलिस व परिसरात उभारलेल्या वास्तू, त्यांची आरेखने आणि त्यांच्या जतनाचे प्रयत्न यांचा विचार या नोंदीत केला आहे. विल्यम्स हे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ नव्हेत. रॉबर्ट टेलर यांनी १८९२ मध्येच मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेतली होती. मात्र अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या व्यावसायिक संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य (१९२३) आणि पहिले कृष्णवर्णीय फेलो, म्हणजे सन्मान म्हणून वरच्या श्रेणीत घेतलेले सदस्य (१९५७), तेच होत.

त्यांचे आईवडील मेंफिसहून लॉस अँजेलिसला आले होते. चौथ्या वर्षापर्यंत विल्यम्स दोघांनाही पारखे झाले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर १९२१ मध्ये त्यांना व्यवसायाचा परवाना मिळाला. कृष्णवर्णीय माणसाशेजारी बसायला कचरणाऱ्या श्वेतवर्णीय ग्राहकांसाठी ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने उलटे रेखाटन करीत, म्हणजे समोरच्याला चित्र सुलट दिसे. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. तिच्याकडे केवळ कसब म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या वस्त्यांत त्यांनी प्रासादतुल्य घरे बांधली त्यांपैकी अनेक ठिकाणी मालमत्तेच्या करारांतील वांशिक अटींमुळे त्यांना स्वतःला राहता येत नव्हते. अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये मनाई केली. त्यांचे लाफायेट स्क्वेअर भागातील घर त्यानंतरचे आहे.

फ्रँक सिनात्रासारख्या चित्रपटसृष्टीतील मंडळींच्या घरांमुळे त्यांचे नाव गाजले. तरी कृष्णवर्णीय समाजासाठी केलेली कामे अधिक मोलाची मानावी लागतात. ट्वेंटी-एट्थ स्ट्रीटवरील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या इमारतीच्या (१९२६) दर्शनी भागावर फ्रेडरिक डग्लस आणि बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्यांची उठावशिल्पे आहेत. गोल्डन स्टेट म्युच्युअल या कृष्णवर्णीयांच्या विमा कंपनीच्या मुख्यालयातील (१९४९) दालनासाठी चार्ल्स ऑल्स्टन आणि हेल वुड्रफ या चित्रकारांनी कॅलिफोर्नियाच्या इतिहासातील कृष्णवर्णीयांचा वाटा दाखवणारी भित्तिचित्रे रंगवली. आईवडिलांच्या मेंफिसमधील सेंट ज्यूड या बालरुग्णालयाचा (१९६२) तारकाकृती आराखडा विल्यम्स यांनी मानधन न घेता केला.

कर्तृत्वाचा प्रश्न सर्वाधिक गुंतागुंतीचा आहे तो लॉस अँजेलिस विमानतळावरील थीम बिल्डिंगबाबत (१९६१). एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर तोलल्यासारखी दिसणारी ही वास्तू लोकप्रिय लेखनात सर्रास विल्यम्स यांच्या नावे सांगितली जाते. छायाचित्रकार ज्यूलियस शूलमन यांनी १९६५ मध्ये तिच्यासमोर विल्यम्स यांचे काढलेले छायाचित्र या समजुतीला पोषक ठरले असावे. प्रत्यक्षात विमानतळाचे काम परेरा अँड लकमन ही वास्तुशिल्प कंपनी, वास्तुशिल्पज्ञ वेल्टन बेकेट आणि विल्यम्स यांनी संयुक्तपणे घेतले होते. थीम बिल्डिंगच्या मूळ कल्पनेचे श्रेय सामान्यतः परेरा अँड लकमनमधील जेम्स लँगनहाइम यांना दिले जाते आणि उपलब्ध पुरावा पाहता तेच अधिक ग्राह्य वाटते. कमानी अखंड काँक्रीटच्या भासतात. परंतु जमिनीलगतचा भागच प्रबलित काँक्रीटचा असून वर पोलादी कैच्यांवर (सांगाड्यावर) गिलावा चढवला आहे. संयुक्त प्रकल्पातील विल्यम्स यांचा सहभाग निर्विवाद आहे. संपूर्ण कल्पना त्यांची ठरवल्याने त्यांच्या कीर्तीत फारशी भर पडत नाही. त्याच काळातील लास व्हेगस येथील ला कोंचा मोटेलचे शिंपल्याच्या आकाराचे पातळ काँक्रीट कवच मात्र त्यांचेच. मोटेल पाडताना त्याचा दर्शनी दालनाचा भाग २००६ मध्ये आठ तुकडे करून हलवण्यात आला. आता तो तेथील निऑन म्यूझियम या जुन्या निऑन पाट्यांच्या संग्रहालयाचे प्रवेशदालन आहे.

विल्यम्स यांच्या वास्तूंची संख्या बहुतेक ठिकाणी सुमारे ३,००० दिली जाते, परंतु हा आकडा अंदाजी समजणे योग्य. १९९२ च्या लॉस अँजेलिसमधील दंगलीत एका बँकेच्या इमारतीला लागलेल्या आगीत त्यांच्या कार्यालयाचे बरेच दप्तर जळाले. त्यावरून आरेखनेही नष्ट झाली, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ती दुसरीकडे, कुटुंबाच्या ताब्यात सुरक्षित होती आणि त्यांच्या नातीने ती सांभाळली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, त्यांना सुवर्णपदक दिले. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञ. २०२० मध्ये गेटी संशोधन संस्था आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी सुमारे ३५,००० नकाशे व १०,००० मूळ रेखाटने असलेला हा संग्रह संयुक्तपणे मिळवला. थीम बिल्डिंगसारख्या श्रेयाच्या वादांचा आणि वास्तूंच्या संख्येचा निवाडा आता पुनरुक्तीऐवजी या कागदपत्रांच्या आधारे करता येईल.

कोलंबियातील मेडेयीन येथील हॉटेल नुतिबारा हे त्यांचे अमेरिकेबाहेरील एक उल्लेखनीय काम होय.