सिक्कीम

सिक्कीम : पूर्व हिमालयातील भारताचे एक राज्य. क्षेत्रफळ ७,०९६ चौ. किमी. लोकसंख्या ६,१०,५७७ (२०११). राजधानी गंगटोक. पश्चिमेस नेपाळ, उत्तरेस व ईशान्येस तिबेट, आग्नेयेस भूतान आणि दक्षिणेस पश्चिम बंगाल. लोकसंख्येने देशात सर्वांत लहान. क्षेत्रफळाने याहून लहान राज्य एकच, गोवा.

या राज्याचा खरा विस्तार उंचीत आहे. दक्षिण सीमेवरचे रांगपो गाव सुमारे ३०० मी. उंचीवर आहे, तर नेपाळच्या सीमेवरील कांचनजंगा ८,५८६ मी.; दोहोंत सरळ रेषेने शंभर किमी.सुद्धा अंतर नाही. एवढ्या जागेत सालवृक्षांचे दमट रान, उतारावरची भातखाचरे, गुरांसचे (ऱ्होडोडेंड्रॉनचे) जंगल आणि याकांची ओसाड कुरणे एकावर एक रचली आहेत. उत्तरेच्या हिमनद्यांत उगम पावणारी तिस्ता राज्य उभे चिरत खाली उतरते. तिच्याच काठाने आलेला सिलीगुडी–गंगटोक रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडला, की भाजी, गॅस, औषधे सगळेच अडते.

येथील मूळचे लेपचा. ते स्वतःस रोंग म्हणवतात. तिबेटकडून भुतिया आले आणि एकोणिसाव्या शतकापासून नेपाळी वस्ती वाढत गेली. आज नेपाळी भाषिकच बहुसंख्य आहेत. १६४२ मध्ये युक्सम येथे फुंत्सोग नामग्याल हा पहिला चोग्याल (धर्मराजा) झाला. त्याच्या वंशाचे राज्य १९७५ पर्यंत टिकले. त्या वर्षी सार्वमतानंतर राजेशाही संपली व १६ मे रोजी सिक्कीम भारताचे २२ वे राज्य बनले. राज्यघटनेचा अनुच्छेद ३७१-एफ येथील जुन्या कायद्यांना व हक्कांना संरक्षण देतो. लाचेन आणि लाचुंग या उत्तरेकडील गावांत तर आजही ‘झुम्सा’ ही पारंपरिक ग्रामसभाच कारभार पाहते; तिचा प्रमुख पिपोन.

कांचनजंगा हे सिक्कीमचे रक्षक दैवत. काबी लुंगचोक येथे लेपचा पुढारी थेकोंग टेक आणि भुतियांचा खे बुम्सा यांनी रक्ताच्या बंधुत्वाची शपथ घेतली, तेव्हा हाच पर्वत साक्षीला होता असे मानतात. पांग ल्हाबसोल हा सण त्या शपथेचा. १९५५ मध्ये नेपाळच्या बाजूने प्रथम चढलेले गिर्यारोहक चोग्यालांना दिलेल्या शब्दाखातर शिखराच्या काही फूट खालीच थांबले. कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान २०१६ मध्ये निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसा ठरले. भारतातील असे हे पहिलेच स्थळ.

महाराष्ट्रात मसाला वेलची म्हणून मिळते त्या मोठ्या वेलचीचे सिक्कीम हे देशातील प्रमुख उत्पादक. तिची लागवड उतीस वृक्षांच्या सावलीत होते. उतीस मुळांवाटे जमिनीला नत्र देतो, त्याचा पाला खत होतो आणि वाळलेल्या फांद्या बोंडे सुकवण्याच्या भट्टीत जळतात. इतकी नेटकी शेतीव्यवस्था क्वचितच पाहायला मिळते. बोंडे झाडाच्या बुंध्याशी, जवळजवळ मातीत धरतात, म्हणून वाकून अरुंद पात्याच्या सुरीने घोस कापावे लागतात. मग दगडमातीच्या भट्टीवर जाळी टाकून त्यावर बोंडे पसरतात आणि खालून लाकडाचा मंद विस्तव ठेवतात. मधूनमधून ती परतत राहावी लागतात. तांबूस बोंड काळपट होते ते इथेच, आणि तो धुरकट वासही इथलाच. ‘छिर्के’ व ‘फुर्के’ या विषाणुजन्य रोगांनी अनेक मळे उद्ध्वस्त झाले. त्याचा घाव छोट्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या रोख पैशावर बसला.

२००३ मध्ये सेंद्रिय शेतीचा निर्णय घेऊन सरकारने रासायनिक खतांवरील अनुदान टप्प्याटप्प्याने बंद केले. सुमारे ७५,००० हेक्टर जमीन प्रमाणित झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये सिक्कीम देशातील पहिले सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. हे यश मोठेच आहे. मात्र राज्याला लागणारा बराचसा तांदूळ अजूनही बाहेरूनच येतो. तेमीचा सरकारी चहामळा, पर्यटन, करसवलतींमुळे आलेले औषध कारखाने आणि जलविद्युत ही उत्पन्नाची इतर साधने.

जलविद्युतीवरून मात्र समाज दुभंगला. मृताचा आत्मा नदीच्या वाटेने कांचनजंगाकडे परततो, अशी झोंगू या उत्तरेकडील, लेपचांसाठी राखीव भागातील लेपचांची श्रद्धा. २००७ मध्ये तेथील तरुणांनी धरणांविरुद्ध गंगटोकला उपोषण आरंभले आणि झोंगूतील काही प्रकल्प रद्द झाले. तिस्तेवर चुंगथांगचे १,२०० मेगावॉटचे धरण मात्र उभे राहिले. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले व त्या लोंढ्यात ते धरण वाहून गेले. झोंगूकडे जाणारा सांकलांगचा पूलही त्याच रात्री गेला.