परातीतलं भातखाचर: लहानग्यांसाठी स्पर्शाचा खेळ घरी कसा मांडावा

दीड वर्षाच्या मुलाच्या हातात लाकडी उलथनं द्या आणि त्याच्या बोटांकडे बघत राहा. आधी मूठ वळते, मग अंगठा पात्यावर घासला जातो, मग उलथनं जमिनीवर आपटतं आणि शेवटी थेट तोंडात जातं. प्रत्येक हालचालीतून त्याला वेगळी माहिती मिळत असते. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लॅट्झकी या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली मोठ्या माणसांच्या हातांच्या अशा हालचालींची वर्गवारी मांडली. पोत कळावा म्हणून आपण घासतो, कठीणपणासाठी दाबतो, तापमानासाठी हात नुसता टेकवतो, वजनासाठी उचलून धरतो, आकारमानासाठी मुठीत घेतो आणि नेमका आकार हवा असेल तर कडेवरून बोट फिरवतो. लहान मूल हेच सगळं ओबडधोबडपणे करत असतं आणि वर जिभेची मदत घेतं.

सेन्सरी बिन, म्हणजे वेगवेगळ्या स्पर्शांच्या वस्तूंनी भरलेली खेळाची पेटी किंवा परात, मांडताना हे सहा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावेत. घासायला काय आहे, दाबायला काय आहे, जड काय आणि हलकं काय, एवढं ठरलं की विषय आपोआप साजतो. फोटोत सुंदर दिसणाऱ्या, पंचवीस वस्तूंनी भरलेल्या पेट्या लहान मुलाच्या उपयोगाच्या नसतात. ते सगळं उपसून बाहेर टाकतं आणि दोन मिनिटांत उठून जातं. पाच-सहा वस्तू पुरतात, मात्र त्या एकमेकींपेक्षा स्पष्ट वेगळ्या हव्यात. त्यासाठी महागडं सामानही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कामात परिसरातल्याच बिया, पानं, शंख-शिंपले ही साधनं होती.

इथे विषय घेतलाय भातशेतीचा, कारण त्यात कामांचा क्रम आहे: चिखलणी, लावणी, मग खळं. मुलाला नुसतं हाताळायलाच नव्हे, तर काहीतरी करायलाही मिळतं.

पहिला भाग चिखलाचा. खरी माती या वयाला टाळा. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात आणि या वयाचं मूल बोटं चाटणारच. त्याऐवजी नाचणी शिजवा. रंग हुबेहूब चिखलाचा येतो आणि पोटात गेली तरी ते अन्नच. कच्चं पीठ मात्र कुठलंच नको. त्यात जिवाणू असू शकतात आणि कोरडं पीठ कढईत भाजल्यावरही ते मरतील याची खात्री नसते, कारण कोरड्या उष्णतेत ते जास्त तग धरतात. पाण्यात उकळून शिजवलेलं पीठ हा त्यापेक्षा खात्रीचा मार्ग.

३० सेंटीमीटर व्यासाच्या परातीत दीड सेंटीमीटर थर हवा असेल तर साधारण एक लिटर चिखल लागतो. त्यासाठी १५० ग्रॅम नाचणीचं पीठ आणि ९०० मिलिलिटर पाणी घ्या. पीठ आधी २०० मिलिलिटर गार पाण्यात कालवून घ्या आणि उरलेल्या पाण्याला उकळी आली की त्यात हळूहळू ओता. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. पिठाच्या गोळ्याचं बाहेरचं आवरण क्षणात शिजून चिकट बनतं आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचूच देत नाही. मंद आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं शिजवा. पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि मिश्रणाला चकाकी येते. मीठ, साखर, गूळ काही घालू नका. गोडामुळे चिकटपणा वाढतो आणि मुंग्याही येतात.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. परातीत ओतल्यावर वर साय धरते, ती गार लागते आणि खाली तेच मिश्रण हात भाजण्याइतकं गरम असू शकतं. तळापासून नीट ढवळा, मधला चमचाभर चिखल स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मगच परात मुलापुढे ठेवा. गार होताना फुटलेल्या कणांतले स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना धरू लागतात, म्हणून चिखल आणखी घट्ट होतो. वडीसारखा बसलाच तर अर्धी वाटी कोमट पाणी घालून हाताने मोडा. पाणी जास्त झालं असेल तर पुन्हा चुलीवर ठेवून आटवा. योग्य घट्टपणाची परीक्षा सोपी: कोथिंबिरीची काडी खोचली की ती उभी राहिली पाहिजे.

त्या काड्या हेच आपलं भाताचं रोप. जुडी दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुवा, मुळं कापून टाका आणि दहा-बारा सेंटीमीटरच्या काड्या मुठी-मुठीने बाजूला ठेवा. रबरबँड लावू नका, तो गिळला जाऊ शकतो. मूल वर्षाच्या आसपासचं असेल तर पालकाची जाड देठं पानं काढून द्या, कारण कोथिंबिरीची पानं टाळ्याला चिकटतात आणि मूल गुदमरल्यासारखं करतं. एक काडी चिमटीत धरून चिखलात खोचणं ही बोटांसाठी मोठी कामगिरी आहे. अंगठा आणि तर्जनीची चिमट साधारण नऊ ते बारा महिन्यांत जमू लागते, पण किती जोर लावायचा हे पुढे बराच काळ शिकावं लागतं. जोर जास्त झाला की काडी चेपते आणि वास सुटतो, कमी झाला की ती आडवी पडते. चूक कुठे झाली हे मुलाला लगेच हातातच कळतं, तुम्ही सांगावं लागत नाही.

चिखलात आणखी तीनच वस्तू ठेवा: बिनरंगाची लाकडी बैलजोडी, स्टीलची वाटी आणि लाकडी डाव. वाटी आणि डाव एकाच खोलीत, एकाच तापमानाला असूनही वाटी गार लागते. पोलाद लाकडापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून बोटांची ऊब ते झपकन ओढून घेतं. लाकडी बैल खेळ संपताच पुसून वाळवा. ओल्यात राहिले तर फुगतात आणि तडकतात.

दुसरा भाग खळ्याचा, म्हणजे कोरड्या धान्याचा. ही परात वस्तू तोंडात घालणं पूर्ण थांबलेल्या मुलासाठी, म्हणजे साधारण तीन वर्षांच्या पुढे आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं असेल तेव्हाच. तांदळाचा दाणाही नाका-कानात जातो. ४० सेंटीमीटरच्या परातीला दोन किलो तांदूळ घातले की साधारण दोन सेंटीमीटर थर होतो. याहून जास्त घातले तर ते परातीबाहेरच येतात. खाली जुनी चादर अंथरा.

तांदूळ उंचावरून ओतले की ढीग होतो आणि कितीही ओतले तरी त्याचा उतार तेवढाच राहतो, अंदाजे ३० ते ३५ अंश. दाण्यांमधलं घर्षण त्याहून जास्त चढ पेलू शकत नाही. शेजारी थोडा ओलसर रवा ठेवा. त्याच्या कणांमधल्या पाण्याच्या बारीक पुलांमुळे उभी भिंतसुद्धा टिकते. मुलाला हे शब्द सांगायची गरज नाही, दोन्ही ढीग शेजारी असले की झालं. एक उंच पेला आणि एक पसरट वाटी द्या. पसरट वाटीतले तांदूळ पेल्यात ओतले की ते जास्त झाले असं मूल ठामपणे म्हणेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलेली ही समजूत सहसा सहा-सात वर्षांपर्यंत टिकते. ती दुरुस्त करू नका, ओतत राहू द्या.

रंगीत तांदूळ हवे असतील तर एका वाटीला, म्हणजे सुमारे २०० ग्रॅमला, एक चहाचा चमचा पांढरं व्हिनेगर आणि खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब पुरतात. झाकणाच्या डब्यात घालून मिनिटभर हलवा आणि सुती कापडावर पंख्याखाली वाळवा. पाणी वापरलं तर दाणे ओलावा धरून चिकटतात आणि रंगही हाताला लागतो. हळद टाळलेली बरी. तिचे डाग प्लॅस्टिकवर आणि कपड्यांवर बसतात, साबण लागला की लाल होतात.

काय घालू नये, यावर मात्र तडजोड नको. शेंगदाणे आणि हरभरे श्वासनलिकेत अडकण्याच्या नेमक्या मापाचे असतात आणि हरभरा ओलाव्याने फुगतो. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, चार-पाच कच्चे दाणे चावून खाल्ले तरी जोराच्या उलट्या होऊ शकतात. गुंजेचा लाल-काळा दाणा मोहक दिसतो, पण त्यातलं अ‍ॅब्रिन आणि एरंडीच्या बीमधलं रायसिन ही प्राणघातक विषं आहेत, या बिया घरातच आणू नका. पाण्यात फुगणारे रंगीत मणी, म्हणजे वॉटर बीड्स, गिळले गेले तर आतड्यात फुगून वाट अडवतात आणि साध्या एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. रांगोळी ही दगडाची बारीक पूड, ती श्वासात जाते. भाताचा तूस विषयाला शोभतो खरा, पण त्याची टोकं सिलिकामुळे टणक असतात, डोळ्यांत जाऊन इजा करतात.

बाकी वस्तूंसाठी जाड पुठ्ठ्याला चार सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडा. त्यातून जी वस्तू आरपार जाईल ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीतलं नळकांडं ३१.७ मिलिमीटरचं असतं, घरी थोडं कडक असलेलं चांगलं.

काही मुलं चिखलाला हातच लावत नाहीत. त्यांचा हात धरून त्यात बुडवू नका. डाव द्या किंवा तोच चिखल जाड झिप पिशवीत भरून, तोंड चिकटपट्टीने बंद करून वरून दाबायला द्या. कपड्यांच्या, जेवणाच्या, गवताच्या स्पर्शानेही मूल सतत अस्वस्थ होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

खेळ पंधरा-वीस मिनिटं चालला तरी भरपूर. नाचणीचा चिखल दोन तासांत टाकून द्या, पावसाळी हवेत तो लवकर आंबतो. मोरीत ओतू नका, नळी तुंबते. पाण्यात पातळ करून झाडांना घाला. तांदूळ चाळून, वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सोंडे होऊ नयेत म्हणून डबा भरण्याआधी तांदूळ पिशवीत घालून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं बाष्प जमून बुरशी धरते.