‘संलग्न हॉस्पिटल’ म्हणजे कॉलेजचं हॉस्पिटल नव्हे

बारावीचा नाहीतर सेकंड पीयूसीचा (कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लागला की खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या घरांत नर्सिंगच्या दोन-दोन सीटांचा घोळ सुरू होतो. एक सीट बेळगावची, दुसरी गडहिंग्लज किंवा मिरजेकडची. आईवडील दोन्हीकडे एकच प्रश्न विचारतात, ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना?’ दोन्हीकडून ‘हो’ येतं आणि मग फी आणि वसतिगृह बघून निकाल लावला जातो. पोरगी चार वर्षं प्रत्यक्ष काम कुठल्या वॉर्डात शिकणार, हे कुणीच विचारत नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेलं आधी उरकून घेऊ. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा, बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला इंग्रजीसह कुठल्याही शाखेची बारावी चालते, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही घेता येते. विद्यापीठ बेंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान असो, नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान असो किंवा बेळगावचं केएलई अभिमत असो, अभ्यासक्रमाचा सांगाडा इंडियन नर्सिंग कौन्सिल या देशपातळीवरच्या संस्थेचाच असतो. ‘कर्नाटकात शिकली तर महाराष्ट्रात नोकरी लागत नाही’ हे सीमाभागात वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य तर आता थांबायला हवं. कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करता येते. त्यात वेळ जातो, कागद लागतात, पण वाट बंद नाही.

खरा घोटाळा ‘संलग्न’ या एका शब्दात आहे. प्रॉस्पेक्टसवर तो दोनदा येतो. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे परीक्षा आणि पदवी त्या विद्यापीठाची. हा अर्थ सगळ्यांना कळतो. त्याच पानावर खाली ‘५०० खाटांचं संलग्न हॉस्पिटल’ असं छापलेलं असतं, वर मोठ्या इमारतीचा फोटो. वाचणाऱ्याला वाटतं, हे कॉलेजचंच हॉस्पिटल. प्रत्यक्षात तिथे विद्यार्थ्यांना ठरावीक दिवस, ठरावीक वॉर्डात उभं राहू देण्याची परवानगी तेवढी असते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत कॉलेजचं स्वतःचं (पेरेंट) आणि संलग्न हे हॉस्पिटलांचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे आहेत. पेरेंट हॉस्पिटल म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टच्या किंवा त्याच्या विश्वस्ताच्या मालकीचं आणि ताब्यातलं हॉस्पिटल. ते किमान १०० खाटांचं, एकाच आवारातलं आणि कॉलेज ज्या राज्यात आहे त्याच राज्यातलं हवं. ते विश्वस्ताच्या मालकीचं असेल, तर किमान ३० वर्षं याच कॉलेजसाठी राहील आणि दुसऱ्या कुठल्या नर्सिंग कॉलेजला वापरू देणार नाही, असं हमीपत्र द्यावं लागतं. संलग्न हॉस्पिटल म्हणजे बाहेरचं, करारावरचं. पेरेंट हॉस्पिटलात मानसोपचार, बालरोग, संसर्गजन्य आजार असे विभाग अपुरे पडतात, त्यांची भर घालायला ते असतं. ते साधारण १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावं, खाटा ५० पेक्षा कमी नसाव्यात आणि ७५ टक्के तरी भरलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे.

सीमाभागात ‘त्याच राज्यातलं’ ही अट डोळ्यांत तेल घालून वाचायची. निपाणीतल्या कॉलेजला कोल्हापूरचं हॉस्पिटल पेरेंट म्हणून दाखवता येत नाही, मग ट्रस्ट कोल्हापूरचा का असेना. तिथे विद्यार्थी जात असतील तर ते टाय-अपवर, म्हणजे करारावर, आणि तेही जाऊन-येऊन ८० किलोमीटरचा प्रवास करून. खानापूरहून बेळगाव २६ किलोमीटर, रोजचं पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली ड्युटी, जमतं. ४० किलोमीटरवर सकाळची ड्युटी म्हणजे पहाटे पाचला बस, आणि वॉर्डात पोचेपर्यंत सकाळची औषधं, ड्रेसिंगं, डॉक्टरांचा राउंड संपत आलेला. शिकायचा वेळ नेमका तोच असतो.

टाय-अपमध्ये बिघडतं कुठे, हे समजून घ्या. करार वर्षा-दोन वर्षांचा असतो, त्यात विद्यार्थ्यांची संख्या आणि विभाग लिहिलेले असतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एकाच वेळी अनेक कॉलेजांचे विद्यार्थी येतात. त्यांची स्वतःची नर्सिंगची मुलं असतील तर पहिला हक्क त्यांचा. बाहेरच्यांना उरलेला वॉर्ड, उरलेली शिफ्ट. करार संपला किंवा पैशांवरून अडला की पोस्टिंग थांबतं. आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी १०० टक्के भरावीच लागते. थिअरीसारखं ८० टक्क्यांवर भागत नाही. बुडालेल्या ड्युट्या शेवटी विद्यार्थ्याच्याच गळ्यात येतात, किंवा केसबुक (स्वतः केलेल्या कामाची नोंदवही) दुसऱ्याच्या वहीवरून उतरवलं जातं. उतरवलेलं केसबुक परीक्षेत खपतं. पहिल्या नोकरीच्या दिवशी इन्चार्ज सिस्टर ‘सलाईन लाव’ म्हणते तेव्हा खपत नाही.

खाटांचा आकडा ऐकून भुलू नका, हिशेब करा. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण. १०० खाटा, त्यातल्या ७५ भरलेल्या, म्हणजे एका वेळी २५ विद्यार्थी. त्याहून जास्त उभे केले तर मागचे नुसते बघणार. लेबर रूमचा हिशेब याहून बोलका. महिन्याला ३० नॉर्मल डिलिव्हरी होत असतील तर वर्षाला ३६०. ६० जणींची बॅच असेल तर वर्षभरात एकीच्या वाट्याला ६. त्याच लेबर रूममध्ये ४० जीएनएमच्या असतील तर ४ सुद्धा नाहीत. सिझेरियन या हिशेबात धरायची नाहीत. आकडा सांगताना ती हमखास मिसळली जातात.

म्हणून कॉलेजला चार गोष्टी विचारा, तोंडी नको, कागदावर. पेरेंट हॉस्पिटलचं नोंदणी प्रमाणपत्र: कर्नाटकात खासगी हॉस्पिटलसाठी केपीएमई (कर्नाटक प्रायव्हेट मेडिकल एस्टॅब्लिशमेंट्स) कायद्याखालचं, महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं. त्यावरचं मालकाचं नाव ट्रस्टशी जुळतं का आणि खाटा किती, ते बघा. संलग्न हॉस्पिटलांची परवानगीपत्रं: मुदत, विद्यार्थी-संख्या आणि विभाग यांसह. चालू वर्षाचा मास्टर रोटेशन प्लॅन, म्हणजे कुठली बॅच कधी कुठल्या वॉर्डात जाणार याचं वेळापत्रक. आणि वॉर्डात कॉलेजचा स्वतःचा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर जातो की मुलांना स्टाफ नर्सच्या भरवशावर सोडतात, हेही. बीएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास इंटर्नशिप असते. ती कुठे होणार ते नावानिशी लिहून घ्या.

मालकीचं हॉस्पिटल म्हटलं की डोळे मिटून होकार द्यायचा, असंही नाही. १०० खाटांची पाटी आणि आत २० रुग्ण, अशा ठिकाणी विद्यार्थी फुकटचे मनुष्यबळ होतात: रात्रपाळ्या भरपूर, शिकवणं शून्य. अशा रिकाम्या मालकीच्या हॉस्पिटलापेक्षा जवळच्या जिल्हा रुग्णालयाशी पक्का, मुदतीतला करार असलेलं कॉलेज आम्ही कधीही वर धरू. पण मालकीचं हॉस्पिटल भरलेलं असेल, तर फी थोडी जास्त असली तरी तेच घ्यावं. या बाबतीत आमचं मत ठाम आहे.

मराठी शाळेतून आलेल्या पोरीने एक गोष्ट आणखी बघावी: वॉर्डातली भाषा. बेळगाव शहरात रुग्ण कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही बोलतात. गोकाक-रामदुर्गकडच्या कम्युनिटी पोस्टिंगला घराघरांत कन्नडच. कर्नाटकातलं कॉलेज निवडलंत तर पहिल्या सेमिस्टरपासून ‘एल्ली नोवु?’ विचारता यायला हवं. कुठे दुखतंय हे रुग्णाच्या भाषेत विचारणं हा नर्सच्या कामाचाच भाग आहे.

पैसे भरण्याआधी एखाद्या मंगळवारी-बुधवारी सकाळी नऊला त्या हॉस्पिटलात जा. फिमेल मेडिकल वॉर्डात किती खाटा भरल्यात ते मोजा. युनिफॉर्मवरचे बॅज बघा: किती कॉलेजांची मुलं आहेत ते लगेच कळेल. तिसऱ्या वर्षाच्या एखादीला विचारा, ‘काल तू स्वतःच्या हाताने काय केलंस?’ उत्तरात नुसतं बीपी आणि टेम्परेचर आलं तर सावध व्हा. आणि परवानगीपत्राची मुदत संपलेली दिसली, तर नवं पत्र हातात पडेपर्यंत सीटचे पैसे भरू नका.