बूच, कॉर्क आणि इंजिनाचे पॅकिंग

घोळ शब्दापासूनच आहे. बाटलीचे कुठलेही झाकण म्हणजे बूच, कॉर्क म्हणजेही बूच, आणि पहाटे लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा टाकणारे उंच झाडही बूचच. त्यामुळे कॉर्क याच झाडाचा, अशी समजूत पक्की बसली. या झाडाची साल मऊ असते, ती कॉर्कऐवजी वापरलीही गेली, पण कमअस्सल म्हणूनच. ते टेटू नावाच्या झाडाच्या कुळातले. खरा कॉर्क पश्चिम भूमध्य सागराकाठच्या एका सदाहरित ओकची साल; जगातला जवळपास निम्मा पोर्तुगालचा.

झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात, पुढे किमान नऊ वर्षांच्या अंतराने. पहिल्या दोन वेळच्या साली ओबडधोबड, म्हणून त्या दळायला जातात. बाटलीचे बूच तिसऱ्या वेळच्या सालीपासून. 1892 मध्ये पत्र्याचे दातेरी झाकण आले, त्याच्या आतही कॉर्कचीच चकती होती. पुढे तिथे प्लास्टिक आले. ‘बूच’ मात्र राहिले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कॉर्क ओळखीचा झाला तो ऑइल इंजिनाच्या पॅकिंगमुळे, म्हणजे तेल गळू नये म्हणून दोन भागांच्या सांध्यात दाबून बसवतात त्या पट्टीमुळे. ‘कॉर्क शीट’ म्हणजे सालीचा तुकडा नव्हे. दळलेला कॉर्क आणि त्याला धरून ठेवणारा चिकटा. कॉर्कच्या पेशींत हवा कोंडलेली असते. दाबला की तो आत बसतो, कडेला फारसा पसरत नाही. नुसते रबर पसरते. म्हणून पातळ पत्र्याच्या टॅपेट कव्हरला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) आणि ऑइल चेंबरला (खालच्या तेलाच्या भांड्याला) कॉर्क, किंवा रबर मिसळलेला कॉर्क.

तेल गळू लागले की दोष बहुतेक वेळा पॅकिंगच्या माथी मारला जातो. खरे तर बोल्ट फार आवळल्याने भोकाभोवतीचा पत्रा खाली बसतो, दोन बोल्टांमधली कड उचलते आणि तेल तिथूनच पाझरते. मग आणखी आवळतात, पॅकिंग चिरते. आधी कड ठोकून सपाट करावी, मग मधल्या बोल्टपासून तिरक्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. पॅकिंग बाहेर फुगू लागले की थांबावे.

नुसत्या कॉर्कचे पॅकिंग पडून राहिले की वाळून आखडते, भोके जुळत नाहीत. ओढले तर भोकापाशीच तुटते. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवले की मापावर येते. हल्ली सिलिकॉन पेस्ट सर्रास दोन्ही बाजूंनी फासतात. ओली पेस्ट वंगणासारखी वागते आणि आवळताना कॉर्क बाहेर सरकतो. लावायचीच तर फक्त कव्हरच्या बाजूला, पातळ हाताने, आणि ती धरल्यावरच कव्हर बसवावे.