शातो कोणता आणि मान्वार कोणतं?

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून जाताना उतरतं छप्पर, कोपऱ्याला बुरूज आणि पुढे भलंमोठं फाटक दिसलं की आपण बिनदिक्कत ‘शातो’, म्हणजे किल्लेवजा महाल, म्हणून मोकळे होतो. त्यातली बरीच घरं मान्वार, म्हणजे जहागीरदाराची शेतावरची घरं, असतात. आकारावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल, कारण ऐसपैस मान्वारं आहेत आणि आटोपशीर शातोही आहेत.

फरक मुळात हक्काचा. मध्ययुगात बुरूज, तटबंदी, बालेकिल्ला उभारायचा तर वरच्या सरदाराची मुभा लागे. ती ज्याला होती त्याचा शातो. ज्याच्याकडे नुसती जहागीर होती, मग तो उमराव असो वा नसो, त्याने आपल्या शेतीवाडीत बांधलेलं राहतं घर म्हणजे मान्वार. आपल्याकडची गढी आणि वाडा ही जोडी इथे आठवेल, पण ती फार ताणू नये; गढी गावच्या पाटील-देशमुखाचीही असे.

पुढे तोफा आल्या, तटांचा उपयोग सरला आणि हा फरक नुसत्या दिमाखात उरला. ते बघायला एकाच राजाच्या, पहिल्या फ्रान्स्वाच्या काळातली दोन घरं घेऊ. दोन्ही पैसेवाल्यांनी बांधलेली.

लवार खोऱ्यातला आझे-ल-रिदो हा शातो आँद्र नदीतल्या बेटावर आहे. राजाच्या खजिन्यावरचा अधिकारी जील बर्तलो याने 1518 च्या सुमारास काम काढलं. देखरेख बरीचशी त्याच्या बायकोची, फिलिपा लेबाईची. भिंतीच्या माथ्यावर पहाऱ्याची वाट आहे, शत्रूवर दगड टाकायची भोकंही आहेत, पण सगळी शोभेची. लढायचं कुणाशीच नव्हतं, मालक किती मोठा झालाय तेवढं दिसायला हवं होतं. दर्शनी जिन्यावर राजाचं चिन्ह, सॅलमँडर हा पालीसारखा प्राणी, कोरलेलं. ही खुशामत कामाला आली नाही. 1527 मध्ये साँब्लाँसे या बड्या अर्थाधिकाऱ्याला फाशी झाली, आपलीही पाळी येईल या भीतीने बर्तलो पळाला आणि राजाने अर्धवट वास्तू जप्त करून टाकली. तिचा आराखडा आजही इंग्रजी ‘एल’सारखा आहे तो त्यामुळे.

नॉर्मंडीत दिएपजवळ वाराँजव्हीलला झाँ आँगोचं मान्वार आहे, 1530 नंतरच्या दशकातलं. आँगो जहाजमालक. त्याची माणसं सुमात्र्यापर्यंत गेली आणि राजाच्या परवान्याने पोर्तुगीज जहाजं लुटत. इतका पैसा असूनही घराची मांडणी शेतघराचीच: चौक, भोवती राहतं घर आणि शेतीच्या इमारती. इटालियन धाटणीची कमानींची पडवी आहे, तीसुद्धा चौकाकडे तोंड करून. बाहेरून येणाऱ्याला आधी भिंतच दिसते. मला दोन्हींतला खरा फरक इथे जाणवतो.

चौकात उभं आहे ते कबुतरखान्याचं गोल बांधकाम. वीट, गारगोटी आणि वालुकाश्म यांची रंगीत नक्षी आणि वर कांद्याच्या आकाराचा घुमट. आत सुमारे 1,600 खबदाडी. अशा कबुतरखान्यांत मधोमध फिरता खांब असे आणि त्याला शिडी. एकच माणूस गोल फिरत प्रत्येक खबदाडीपर्यंत पोचे. पिल्लं मालकाच्या ताटात, विष्ठा मालकाच्या शेतात. दाणे मात्र टिपायचे ते कुळांच्या पेरणीतले, आणि कुळाने पाखराला हात लावायचा नाही! नॉर्मंडीत असा कबुतरखाना बांधायचा हक्क जहागिरीला जोडलेला होता. मान्वारवाल्याला बुरुजाची मुभा नसेलही, पण गावावरचा वचक दाखवायला हे पुरेसं होतं. ऑगस्ट 1789 मध्ये क्रांतीच्या सभेने सरंजामी हक्क मोडले, त्यात हाही गेला.

आँगोचं शेवटी बर्तलोसारखंच झालं. फ्रान्स्वा 1547 मध्ये वारला, पाठीराखा गेला, खटले मागे लागले. 1551 मध्ये आँगो कर्जबाजारी होऊन मेला. घर पुढे शेतकऱ्यांच्या वापरात गेलं.

आता नावांवर विसंबून राहू नका. घरांच्या जाहिरातींत 19 व्या शतकातल्या हौशी बंगल्यालाही एखादा मनोरा असला की ‘मान्वार’ म्हणतात. आणि बोर्दोच्या वाइनच्या बाटलीवरचा ‘शातो’ म्हणजे द्राक्षमळ्याचं नाव. तिथे कधी खरोखर महाल असतो, कधी साधं शेतघर आणि पिंपांची कोठी.