नाचघर, निनाद आणि पॉविकचा बॅण्डमास्टर

कुणी जरा वेगळं वागलं की आपण सहज बोलून जातो, "याला ठाण्याला न्या", नाहीतर "येरवड्याला पाठवा". त्या बोलण्यामागच्या मनोरुग्णालयात गजांच्या खिडक्या असतात, शॉकचं यंत्र असतं. गुळगुळीत लाकडी जमिनीचं नाचघर मात्र त्यात कधीच नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बहुतेक मोठ्या मनोरुग्णालयांत ते होतं, आणि मला या नाचघरांचा नाद लागला तो ध्वनिशास्त्रामुळे.

आधी थोडा इतिहास. यॉर्कमध्ये विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली सुरू केलेल्या आश्रमात रुग्णांना माणसासारखं वागवण्यावर भर होता. १८३९ पासून जॉन कोनोली यांनी हॅनवेलच्या रुग्णालयातून साखळदंड आणि पट्टे हद्दपार केले. १८४५ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यावर मनोरुग्णालय बांधण्याची सक्ती आली. बांधून ठेवायचं नाही, तर मग दिवसभर करायचं काय? शेती, शिवणकाम, सुतारकाम. आणि आठवड्यातून एकदा नाच.

या इमारतींचे नकाशे पाहिले की ते नाचघर लगेच सापडतं. एका बाजूला पुरुषांचे वॉर्ड, दुसऱ्या बाजूला बायकांचे, आणि मधल्या अक्षावर, बहुधा मुदपाकखान्याला लागून, मोठं सभागृह. उंच छत, लांबलचक खिडक्या, एका टोकाला रंगमंच. दोन्ही बाजूंचे रुग्ण एरवी एकमेकांच्या नजरेलाही पडत नसत. ते इथे भेटत.

वूस्टरजवळचं पॉविकचं रुग्णालय १८५२ साली सुरू झालं. तिथल्या सेवकांचा एक बॅण्ड होता. (त्या काळी सेवकांच्या भरतीत वाद्य येणाऱ्याला झुकतं माप मिळे.) १८७९ साली या बॅण्डला शिकवायला एक बावीस-एक वर्षांचा तरुण आला, एडवर्ड एल्गार. पुढे इंग्लंडचा थोर संगीतकार ठरलेला हा माणूस १८८४ पर्यंत तिथे होता. वर्षाला ३२ पौंड पगार, आणि नवी पोल्का किंवा क्वाड्रिल (दोन्ही त्या काळच्या नाचाच्या धुना) रचली तर वर पाच शिलिंग. हाताशी वाद्यं काय, तर पिकोलो, बासरी, क्लॅरिनेट, दोन कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य), युफोनियम, काही व्हायोलिन, आणि पियानो. जे वादक असतील त्यांच्यासाठी लिहायचं.

आता माझा आवडता भाग. सकाळी लवकर, खुर्च्या मांडायच्या आधी, एखाद्या मंगल कार्यालयात जाऊन टाळी वाजवून बघा. टाळी संपते, आवाज संपत नाही. भिंती, छत, फरशी यांवरून तो पुन्हापुन्हा परततो. हाच निनाद. आवाजाची तीव्रता दहा लाखांश व्हायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल.

हार्वर्डमधले तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांना १८९५ साली एका व्याख्यानगृहाचं दुखणं सोपवलं गेलं: तिथे वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. सॅबिन रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणत, ऑर्गनची नळी वाजवत आणि घड्याळ लावून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजत. त्यातून सूत्र निघालं: निनादकाल = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. शोषणाचं माप त्यांनी उघड्या खिडकीवरून घेतलं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

समजा आपलं नाचघर २४ मीटर लांब, १२ रुंद, ८ उंच आहे. घनफळ सुमारे २,३०० घनमीटर. गिलावा आवाजाचा जेमतेम चार टक्के भाग शोषतो, लाकडी जमीन दहाएक टक्के. सगळी बेरीज फक्त ६३ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढी होते. निनादकाल जवळजवळ ६ सेकंद! आता आत दोनशे माणसं आणा. लोकरी कपड्यांतला एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर खिडकीइतका आवाज गिळतो. ९० ची भर पडली, आणि निनादकाल अडीच सेकंदांच्या आत आला.

नाचात मिनिटाला शंभर ठोके धरले तर दोन ठोक्यांत ०.६ सेकंद. रिकाम्या सभागृहात तेवढ्या वेळात आधीच्या ठोक्याची चौथाई ऊर्जा अजून हवेतच असते. भरलेल्या सभागृहात फक्त तिसावा-बत्तिसावा हिस्सा. म्हणजे रुग्ण ताल ऐकून नाचत होते आणि त्यांच्या तिथे असण्यानेच तो ताल ऐकू येण्याजोगा होत होता. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्यांकडेच बघत बसलो.

याला मेंदूची बाजूही आहे. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन सारखे टिचकीसारखे आवाज ऐकवले, तर एरवी दुसऱ्या आवाजाला मेंदूचा विद्युत-प्रतिसाद (आवाजानंतर साधारण ५० सहस्रांश सेकंदांनी उमटणारा) पहिल्यापेक्षा बराच लहान असतो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत तो तेवढा दबत नाही. गाळणी सैल असते. अशा माणसाला घुमणारी खोली किती त्रासाची होत असेल याची कल्पना करता येते.

म्हणून कुणी लगेच 'अमुक हर्ट्झचं संगीत ऐका, मेंदू दुरुस्त होईल' असे व्हिडिओ पुढे ढकलू नयेत. प्रशिक्षित उपचारकासोबतच्या संगीतोपचाराचा औषधांच्या जोडीने काही रुग्णांना फायदा होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. औषध बंद करून कानाला हेडफोन लावणं हा उपचार नव्हे. आणि पौर्णिमा-अमावस्या बघून देवऋषाकडे धावणं तर मुळीच नाही.

पॉविकची कथा गोड शेवटाची नाही. १९६८ साली ब्रिटिश टीव्हीवर याच रुग्णालयातल्या वृद्ध बायकांचा वॉर्ड दाखवला गेला, खाटेला खाट लागलेला. पाहणारे हादरले. १९८९ साली रुग्णालय बंद पडलं. एल्गारच्या त्या पोल्का आणि क्वाड्रिल मात्र टिकल्या, ध्वनिमुद्रितही झाल्या. ऐकताना कॉर्नेटकडे लक्ष द्या. सुरावट ठसठशीत आहे, बारीक नक्षी कमी. दोनशे पावलांच्या आवाजातून आणि अडीच सेकंदांच्या निनादातून तेवढीच पार जाते.