21 दिवसांत सवय लागते का?

"21 दिवस न चुकता करा, सवय लागते, एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून." जानेवारीत इंदूरच्या घराघरांत खजुरी बाजारातल्या नव्या डायऱ्या येतात, तेव्हा हा निरोपही फिरतो. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला, तर स्वतःला आळशी ठरवू नका.

आकडा 1960च्या एका पुस्तकातला. लेखक प्लास्टिक सर्जन. बदललेला चेहरा रुग्णांच्या अंगवळणी पडायला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. 'किमान' वाटेत गळालं. पुढे लंडनमधल्या 96 जणांच्या अभ्यासात सवय लागायला 18 ते 254 दिवस असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

पडताळायचं तर रोज चित्र काढलं, टेबल आवरलं की तारखेवर खूण करा; मुद्दाम आठवण करावी लागली का, तेही लिहा. टेबल बहुधा लवकर जमेल, चित्राला वेळ द्या.